गाण्यातलं "येतो"

मुन्नी, तुला सलाम, घरात सगळ्यांना दुवा.

मी बरा आहे, पोटभर जेवतो. तुझा गुडघा काय म्हणतो?

इथं सौदीत, राबिघला, आमच्या खोलीतला मोरोक्कोचा जमाल एक फ्रेंच प्रेमगीत गातो. इजिप्तवाला तेच अरबीत गातो, फिलिपिनो आपल्या भाषेत. मग सगळे माझ्या मागे लागले, "चाचा, यल्ला, आता तुमचं!" मी तुझं नाव घालून आपल्या बोलीत गायलो. पोरं खूप हसली.

त्यांच्या गाण्यात शेवटी प्रियकर "येतो" म्हणतो. मी तेवढं गाळलं. आमचा मालक, कफील, ठेवून घेतलेला पासपोर्ट परत देत नाही, आणि मीही आता मागायचं सोडलंय.

निघताना उंबऱ्यात "येतो" म्हणालो होतो खरा. पण माझ्यासाठी दार उघडं ठेवू नकोस. कडी लावून झोपत जा.

तुझाच,
सिराजुद्दीन