मेला म्हणायच्या आधी

अण्णा, आपला एसी कालपासून बंद आहे. आतला पंखा वारा घालतो, पण बाहेरचा कंप्रेसर नुसता हुं हुं करतो आणि गप्प बसतो. कारखान्याच्या भंगारातून तुम्ही उचलून आणला होतात, तोच हा. तिथल्या मेकॅनिकने बोर्ड गेला म्हणून त्याच्यावर फुली मारली होती. तुम्ही घरी आणून उघडलात तर एक वायर कुरतडलेली निघाली. "उंदराचं पाप बोर्डाच्या माथी," असं म्हणून हसलात आणि महाडचा वैशाख सोसत नाही म्हणून कुरकुरणाऱ्या आईच्या खोलीत तो लावून दिलात. पुराचं पाणी चढतं म्हणून बाहेरचा डबा पार पत्र्याखाली ठोकलात. आता तिथं पोचायला मला शिडी लागते, आणि शिडी धरायला घरात कुणी नाही. तुम्हाला जाऊन तर किती वर्षं लोटली, मागोमाग आईही गेली. दादा मुंबईहून फोनवर म्हणाला, "कशाला जीव काढतेस त्याच्यात? नवा घेऊन टाक ना." मी बरं म्हटलं आणि शिडी काढली.

पोलादपूरचा तो दवाखाना आठवतो. मी आयटीआय करून तुमच्याबरोबर कामाला लागलेली, अंगात उत्साह मावत नाही. एसी बंद पडतो एवढं ऐकलं आणि भर पेशंटांसमोर मी जाहीर करते, "कपॅसिटर गेला." तुम्ही हत्यारांची पिशवीसुद्धा उघडत नाही. बाकावर बसून कंपाउंडरबाईंकडे चहा मागता आणि माझ्याकडे न बघता म्हणता, "मेला म्हणायच्या आधी नाडी तरी बघ गो. दवाखान्यात हायस." पेशंट हसतात, माझे कान तापतात. मग तुम्ही बाईंना विचारता, बंद कधी पडतो? त्या म्हणतात, "सकाळी बरा असतो. दुपारी शेजारची भाताची गिरण चालू झाली की नाय चालत." तुम्ही प्लगला मीटर लावून बसून राहता. गिरण सुरू होते आणि मीटरचा आकडा घसरत जातो. एसीला काहीच झालेलं नसतं, त्याला वीजच पुरत नसते. आधी कुणी कुणी येऊन त्याचे दोन पार्ट बदलून गेलेले असतात, उपाशी माणसाला औषध पाजावं तसे. परतताना एसटीत तुम्ही तो मीटर माझ्या पिशवीत टाकलात आणि खिडकीबाहेर बघत बसलात. रागावलात की बोलायचं आणि माया आली की गप्प राहायचं, ही तुमची रीत. तेव्हा मला त्याचा राग यायचा.

आज तोच मीटर घेऊन बसले, तुमच्याच क्रमाने, मोठ्याने बोलत. "अण्णा, प्लगला व्होल्टेज बरोबर हाय." शेजारणीने खिडकीतून डोकावून विचारलं, "कोन आलंय गो?" म्हटलं, "कोन नाय." इतकं एकटं मला तुम्ही गेलात तेव्हाही वाटलं नव्हतं. कपॅसिटर मोजला, ठणठणीत. कंप्रेसरच्या आतली तारेची गुंडाळीही शाबूत. एकेक पार्ट निर्दोष सुटत गेला तसं बरं वाटत होतं आणि धास्तीही वाटत होती, कारण शोध चालू होता तोवर तुम्ही शिडी धरून खाली उभे होतात. मग कंप्रेसर सुरू होताना दोन्हीकडे मोजून पाहिलं. खाली प्लगला व्होल्टेज पुरं, वर डब्यात मात्र निम्मं. म्हणजे दोष मधल्या जोडणीत. मेन स्विच पाडून डब्यावरच्या जोडणीचं झाकण उघडलं, तर जोडणीचा स्क्रू ढिला आणि वायरीचं टोक काळवंडलेलं. तुमच्या हातचा स्क्रू, इतकी वर्षं थरथरून सुटलेला. काळं टोक कापायचं, वायर नव्याने जोडायची, स्क्रू आवळायचा. नवा पार्ट एकही नको.

"दोष सापडला की थांबायचं, उगाच दुसरं उघडायचं नाय," असं तुम्ही म्हणायचात. म्हणून थांबले. शिडीच्या पायरीवर बसून राहिले. खाली बघितलं नाही.

हे कुठल्या पत्त्यावर टाकणार? लिहून झालं की घडी घालून मीटरच्या पिशवीत ठेवीन. दादाचा फोन येईल, बिघाड सापडला का विचारेल. बघतेय म्हणून सांगेन. तुम्हाला मात्र खरं सांगते, रागावू नका. मेन स्विच पाडलेला आहे, धोका काही नाही. पण तो स्क्रू मी अजून आवळलेला नाही. उद्या पुन्हा प्लगपासून मोजायला घेणार आहे.