पाडव्याच्या दिवशी पहिला रोजा

१३ मार्च २०२०, शुक्रवार. अ‍ॅमस्टेलव्हीन, नेदरलँड्स
इथली मैत्रीण रुख्साना आणि तिच्या अम्मींचा क्योटोचा दिवस एकदाचा बसला. सकाळी बांबूचं बन, मग नदीकाठ, दुपारी हलाल रामेन, तिथून मशीद जवळ म्हणून नमाज तिकडे, संध्याकाळी लाल कमानी. पुण्यात टूर कंपनीत असताना जैन ग्रुपांना बिनकांद्याचं, बिनलसणाचं जपान दाखवलंय मी. 'यात नक्की काय घातलंय' हे जपानीत विचारून विचारून जीभ घासलीये. मिरिन म्हणजे तांदळाची गोड दारू, ती साध्या भाजीतही सापडते. सगळं तपासलं.

अम्मी मिरजेहून खास यासाठी आल्यात. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. म्हणाल्या, "होन्शू, होक्काइदो, सगळं पाठ आहे गं. पण फळ्यावर काढून काढून खोटं वाटायला लागलंय. एकदा खात्री करून येते."

निखिल ऑफिसातून लॅपटॉप, स्क्रीन आणि चक्क खुर्ची घेऊन घरी आलाय. सुपरमार्केटमध्ये पास्त्याचं शेल्फ रिकामं. दोन आठवड्यांनी यांचं विमान. जाईल ना?

२० मार्च २०२०
नाही गेलं. विमान रद्द, हॉटेल रद्द, सगळंच. रु. फोनवर रडली. मलाही रडू आलं, पण प्लॅन करणारीने रडायचं नसतं. अम्मींनी फोन घेतला. "जपान बेट आहे बाळ, कुठे वाहून जात नाही."

११ जून २०२०
अम्मी आज खास विमानाने परत. रु.च्या दाराशी दीड मीटरवर उभी राहून निरोप. मास्कमधून त्या हसताहेत की नाही कळेना. "तिकीट रद्द झालं. बेत नाही झाला. लक्षात ठेव." मी हो म्हटलं. मोठ्या तोंडाने.

९ फेब्रुवारी २०२१
पुण्याच्या कंपनीने जपान विभाग बंद केला. इथून त्यांच्यासाठी जे आखायचे तेही संपलं. फोनसुद्धा नाही, दोन ओळींची मेल.

बाहेर बर्फ. कालवे गोठलेत, ईरा बाबाबरोबर स्केटिंगला. रात्री संचारबंदी, म्हणून सगळा गाव दिवसाच खेळून घेतोय. मी घरात जपानी बातम्या लावून बसले. अर्धं समजलं नाही. शब्द गळायला लागलेत.

निखिलची बायको म्हणून या देशात आले, त्यात कमीपणा नाही. पण तेवढीच उरले तर? हे मोठ्याने बोलता येत नाही, म्हणून इथे.

१७ मार्च २०२२
किती महिन्यांनी उघडली ही वही. बातम्या तीन.

एक, अम्मी परत येताहेत, पुढच्या आठवड्यात.

दोन, जपान पर्यटकांना अजून बंदच.

तीन, इथल्या एका जपानी मालवाहतूक कंपनीत जागा. दिवसभर कंटेनरांच्या मेली. ४ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायचंय. निखिल म्हणतो, "चांगली नोकरी आहे. मी काही बोलत नाही." म्हणजे बोलला.

सायकलवरून बोसमध्ये, इथल्या मोठ्या जंगलात गेले. जंगलाच्या त्या कोपऱ्यात चेरीची झाडंच झाडं, प्रत्येकाला एका बाईचं नाव, अर्धी डच, अर्धी जपानी. कळ्या टरारल्यात. तिथेच सुचलं. अम्मींना जपानला नेता येत नाही, तर जपानचा एक दिवस इथे. आणि फक्त त्यांनाच कशाला? रु.च्या मशिदीतल्या मैत्रिणी कधीच्या जपानबद्दल विचारताहेत. चेरीखाली जेवण, चहा, नमाजेची सोय. माझी स्वतःची पहिली टूर. जमलं तर कंटेनरांना नाही म्हणेन.

२० मार्च
जपानी दुकानातल्या बाईंना विचारलं, बिनअल्कोहोलचा सोया सॉस आहे का. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. भारतीय बाई, जपानीत, मुसलमानांसाठी विचारतेय. मग मागच्या फडताळातून स्टूलवर चढून काढून दिला. बाटलीमागचं बारीक छापील सगळं वाचलं. शब्द येताहेत परत!

२३ मार्च
तारीख पक्की. शनिवार, २ एप्रिल. तोवर फुलं भरात, सुट्टीचा दिवस, आणि मुख्य म्हणजे गुढीपाडवा. साडेतीन मुहूर्तांतला. नवं काम सुरू करायला याहून चांगला दिवस कुठला? पंचांग दोनदा पाहिलं. रु.च्या ग्रुपवर टाकलं: सकाळी अकराला बोसमध्ये, एक वाजता झाडांखाली हलाल जपानी जेवण. खाली तीन फुलं आणि एक ओनिगिरी (जपानी भाताचा मुटका), इमोजी.

२६ मार्च
सगळ्यांनी वाचलंय. एकीचंही उत्तर नाही.

२७ मार्च
नाही. काहीच नाही. एरवी या बायका कुणाच्या पुलावाच्या फोटोवरही वीस बदाम टाकतात.

ठीक आहे. हौस आणि व्यवसाय यात फरक असतो, हे निखिलने न बोलता सांगितलंच होतं. कंटेनरवाल्यांना होकाराची मेल लिहून ठेवली. पाठवली नाही. उद्या.

२८ मार्च
रु.चा फोन. आधी नुसतं हसणं, मग ठसका, मग, "अगं बये, दोन तारखेला पहिला रोजा की! चंद्र दिसला तर. आणि तू एक वाजता जेवायला बोलावलंयस!"

मी फोन कानाला धरूनच कॅलेंडर उघडलं.

"मग कुणी सांगितलं का नाही?"

"तुला वाईट वाटंल म्हणून. सगळ्या मला विचारायल्यात, ती बाई इतकी चांगली आहे, आता तिला कोण सांगणार? मीच आज धीर केला बघ."

अमावास्या एकच. तिच्या पुढे माझा पाडवा, तिच्याच पुढे यांचा रमजान. मी मिरिन शोधलं, सोया सॉस शोधला, फुलं कधी उमलणार तेही शोधलं. चंद्र तेवढा राहिला. शाळेत माझ्या बाकावर नसीम बसायची, तिच्या घरचा शिरखुर्मा खाऊन वाढले, आणि ही अक्कल! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हटलं, तारीख बदलते, मे महिन्यात ठेवू. तर अम्मींनी तिच्या हातून फोन घेतला. "मेपर्यंत फुलं थांबतील का? तारीख हलवू नकोस. जेवण हलव."

२९ मार्च
जेवण हलवलं. चारला भेटायचं, झाडं, चहाच्या समारंभाची गोष्ट (चहा नाही, नुसती गोष्ट), तळ्याची फेरी, आणि सूर्यास्ताला इफ्तार तिथेच. तासाभरात सहा जणींचे होकार! होकाराची मेल खोडली. खरं तर बाजूला ठेवली. एवढी शूर नाही मी.

निखिल म्हणाला, "उपाशी लोकांची फूड टूर. तूच करू जाणे." पण थर्मास शोधायला माळ्यावर चढला.

१ एप्रिल
बर्फ. एप्रिलात! ईराला वाटलं, मी एप्रिल फूल करतेय. उघड्या फुलांवर पांढरा थर. बोसमध्ये जाऊन पाहून यायची हिंमत नाही. चक्क्याऐवजी इथला क्वार्क बांधून टांगलाय श्रीखंडासाठी, तो टपटपतोय, आणि मी त्याच्याकडे बघत बसलेय.

२ एप्रिल, पाडवा
सकाळी बाल्कनीत गुढी. काठी म्हणजे खिडक्या पुसायचा लांब दांडा, वर आजीचा तांब्या. समोरचे डच आजोबा हात हलवून गेले. कडुलिंब वाळलेला, पण कडू तेवढाच. रु.चा मेसेज: चंद्र झाला, रोजा आहे.

चार वाजता सगळ्या हजर, कोटात गुरफटून. बर्फ गेलेला. काही फुलं काळवंडली होती, बाकीची होती. पुरेशी होती. सुरुवातीला मी कागदावरून वाचत होते. मग एमिने, रु.बरोबर काम करणारी तुर्की बाई, विचारते, जपानी लोक झाडाखाली नुसते बसून काय करतात? मी म्हटलं, खातात. आणि मग आठवलं कुणापुढे बोलतेय. सगळ्या अशा हसल्या की पलीकडच्या फोटोवाल्यांनी वळून पाहिलं. तिथून मी सुटलेच. जपानीत, इंग्रजीत, मोडक्या डचमध्ये, अम्मींसाठी मराठीत.

अम्मी प्रत्येक झाडावरची पाटी वाचत हळूहळू चालत होत्या. "यात मिरजेची कुणी नाही?" नाही म्हटल्यावर तळ्याकडेच्या पाटी निघालेल्या एका झाडाला त्यांनी हात लावला आणि तिथेच चटई घालायला सांगितली.

ऊन उतरलं तशी थंडी वाढली. डबे उघडून ठेवले. कुणी घड्याळ बघत नव्हतं, सगळ्या आभाळाकडे बघत होत्या. मीही दुपारपासून पाणी प्यायले नव्हते. ठरवून नाही, घोट घ्यावासाच वाटला नाही.

वेळ झाली. खजूर. मग नमाज, झाडाखाली एका ओळीत. मी डबे राखत उभी. तेव्हा फोन पाहिला, निखिलचा मघाचा मेसेज: गुढी उतरवली. सूर्यास्ताआधी उतरवायची, मी विसरलेच होते. त्याला आठवलं. मला उगाच भरून आलं.

ओनिगिरी संपल्या, गरम मिसो सूप संपलं, श्रीखंडाचा डबा एमिनेने बोटाने पुसला. अम्मी शेवटी एकच वाक्य बोलल्या, "आता थोडं थोडं खरं वाटायला लागलंय." मी अंधारात सायकल हातात धरून रडले. आनंदाने. इथे लिहिताना लाज नाही वाटत.

४ एप्रिल
एमिनेला पुढच्या शनिवारी तिच्या बहिणीच्या ग्रुपसाठी हवंय. कंटेनरवाल्यांना फोन केला. म्हटलं, आठवड्याचे तीन दिवस येईन, बाकीचे माझे आहेत. पलीकडून, कळवतो. निखिल काही बोलला नाही. या वेळी खरंच नाही बोलला.

११ ऑक्टोबर २०२२
जपान उघडलं!

कंटेनर तीन दिवस, ते चालू आहेत, वाईट नाहीत. एप्रिलात फुलं गळेपर्यंत आणखी दोन इफ्तार झाले, मग उन्हाळ्यात काहीच नाही. आज बातमी वाचते तोवर मिरजेहून फोन.

"वाचलं का? मी पंचांग बघितलं. पुढच्या वर्षीही फुलं आणि रोजे एकत्रच."

म्हटलं, मग नोव्हेंबरात जाऊ, लाल पानं असतात. नाहीतर प्रवासात रोज्याला सूट असते ना?

"असते. ज्याला हवी त्याने घ्यावी. मला तिथं, झाडाखाली रोजा सोडायचाय."

गुडघा दुखतोय, हे त्यांनी नाही, मागून त्यांच्या सुनेने ओरडून सांगितलं. रु.ला रजेची खात्री नाही. व्हिसाचं कोण सांगणार? मी तरीही संध्याकाळी क्योटोचा दिवस काढून बसले. जुना बेत सकाळच्या बांबूंपासून सुरू व्हायचा. हा सूर्यास्तापासून उलटा आखायचाय, आधी रोजा सोडायची जागा, मग दुपारची विश्रांती, चालणं कमी, सगळ्यात शेवटी सहरी, म्हणजे पहाटेचं खाणं, कुठे करायची ते. ईरा म्हणाली, "आई, इज इट फॉर शुअर?" नाही, म्हटलं. काहीच नक्की नाही.

चंद्र मात्र या वेळी आधी बघून ठेवलाय.