नलूसाठी पाहिलेली गावं

साउथॅम्प्टन बंदर,
१२ ऑगस्ट १९६४

सौ. जमनास कमलाकांतचा आशीर्वाद.

मी दोन वेळा जेवतो, माझी काळजी करू नकोस. आई जेवते का?

आमची बोट दुरुस्तीला आहे. शनिवारी सुट्टी होती म्हणून समोरच्या बेटावर निघालो, तेव्हाच तुझं पत्र हाती आलं. निवांत वाचू म्हणून खिशात ठेवलं.

दांडीहून निघताना आपली नलू म्हणाली होती, "बाबा, तिथली गावं कशी हायत, सगळं लिवून धाड." म्हणून दिवसभर तिच्यासाठी बघत फिरलो. राइडला समुद्रात लांबलचक धक्का आहे, त्यावरून रेल्वे धावते. सॅन्डाऊनला गोऱ्यांची पोरं वाळूत किल्ले करतात. मासळी मात्र कुठेच वाळत घातलेली नाही. व्हेंटनरला डोंगरावर एकावर एक घरं आहेत. तिथे चहा घेतला आणि पत्र उघडलं.

तीन दिवसांच्या तापानं नलू गेली, आणि ते पत्र खिशात घेऊन मी तिच्यासाठी गावं बघत होतो.

चहावाल्या म्हातारीनं मला रडताना पाहून विचारलं, काय झालं? मोडक्या इंग्रजीत मी म्हणालो, "मुलगी गेली."

"कुठे? सुट्टीत फिरायला?"

मी होकारार्थी मान हलवली.

"परत कधी येणार?"

"पुढच्या आठवड्यात," मी म्हणालो. जमना, खोटं बोललो, पण घोटभर चहा पिऊन होईपर्यंत मला बरं वाटलं.

घरी सोडा म्हणून कप्तानाला अर्ज दिलाय. दिवाळीच्या आत येतो. तोवर तिचे कपडे कुणाला देऊ नकोस.

तुझा,
कमलाकांत