माझ्या वाट्याचं कर्ज आणि परत गेलेला चहा

आदरणीय साडूभाऊ,

वयाने तुम्ही माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण लग्नाने सहा वर्षांनी वडील, तेव्हा आधी नमस्कार. ताईंनाही सांगा. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना तो कटकट वाजतो असं ताईंनी हिला फोनवर सांगितलं. वाजतो पण दुखत नाही, की दुखतो पण वाजत नाही, ते मात्र हिला नीट सांगता आलं नाही (दोघी बहिणी एकाच वेळी बोलतात, त्यामुळे ऐकायला कोणी उरत नाही). काळजी घ्या. माझी प्रकृती ठीक होती. गेल्या अडीच महिन्यांत मात्र मला असे काही धक्के बसलेत की हल्ली डॉक्टर माझी नाडी बघताना घड्याळाकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघतात. तुम्ही दर पत्रात विचारता, 'नवीन काय?' तर घ्या.

सुरुवात वर्तमानपत्रापासून झाली. सकाळी चहा घेत पान उलटलं, तर कोपऱ्यात चौकट: देशावर इतकं इतकं कर्ज, आणि माणशी भागलं तर प्रत्येकाच्या डोक्यावर अमुक. ते अमुक म्हणजे माझी चौदा महिन्यांची पेन्शन! साडूभाऊ, कप हातातच राहिला. तुम्ही मला ओळखता. चौतीस वर्षं वजनमापे खात्यात काढली, दुकानादुकानात जाऊन तराजू तपासले, पण कोणाकडून फुकट पुडीभर खडीसाखरसुद्धा घेतली नाही. घर बांधलं नाही, कारण कर्ज काढावं लागलं असतं. भाड्याच्या खालच्या मजल्यावर एकतीस वर्षं राहिलो. आणि मला न विचारता, माझी सही न घेता, कोणीतरी माझ्या नावावर एवढा डोंगर करून ठेवलाय! शेजारच्या खोलीत हिच्या पाळणाघरातली अकरा पोरं झोपली होती. त्यातलं सगळ्यात धाकटं तीन महिन्यांचं. त्याच्याही डोक्यावर तेवढंच. त्याला अजून मानसुद्धा धरता येत नाही, तर हे ओझं कसं धरणार? मी दारात उभा राहून त्याच्याकडे बघत राहिलो. ही म्हणाली, "असे डोळे वटारून बघू नका, उठेल तो."

दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि कोषागारात गेलो. ठरवलं होतं, आपला वाटा हप्त्याने भरून टाकायचा आणि 'येणे बाकी नाही' असा दाखला घ्यायचा. खिडकीमागच्या बाई नोटा मोजत होत्या.

"कशाचे भरायचेत?" त्यांनी विचारलं.

"कर्जाचे."

"कोणाच्या?"

"देशाच्या. माझा वाटा."

बाईंचं मोजणं चुकलं. त्यांनी गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतला आणि मला मागच्या टेबलावर पाठवलं. तिथे निवृत्तीला टेकलेले एक कारकून होते. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं (एवढं शांतपणे ऐकणारा माणूस सरकारी कचेरीत भेटणं हाही एक धक्काच). मग म्हणाले, "काका, हे पैसे घ्यायला आमच्याकडे रकाना नाही. ज्यांनी कर्ज काढलं त्यांना तुम्ही निवडून दिलंत. त्यांना जाब विचारायचा तर मत द्यायचं. तेवढाच तुमचा हप्ता." मला ते पटलं. त्याच आठवड्यात नगरपालिकेच्या निवडणुकीचे अर्ज भरणं सुरू होणार होतं. म्हटलं, देश नंतर बघू, वॉर्डापासून सुरुवात करू. त्याच इमारतीच्या तळघरात मतदारयाद्या लावल्या होत्या. सहज जाता जाता आपलं नाव बघावं म्हणून खाली उतरलो.

नाव नव्हतं. होतं, पण त्यावर आडवी रेघ आणि पुढे शिक्का: 'स्थलांतरित'.

माझ्या पायाखालची जमीन सरकली म्हणतात ना, तसं झालं. झालं होतं असं, की आमच्या वरच्या मजल्यावरचे भाडेकरू घर सोडून गेले, आणि कापायचं त्यांचं नाव, ते कापलं माझं. म्हणजे जो गेला तो यादीत आहे आणि जो आहे तो गेलाय! बरं, हिचं नाव मात्र जागच्या जागी. सरकारी कागदानुसार एकतीस वर्षांच्या संसारानंतर मी बायकोला टाकून निघून गेलो होतो. मी यादीवाल्याला म्हटलं, "अहो, मी कुठेही गेलेलो नाही."

"पुरावा?"

"मी तुमच्यासमोर उभा आहे."

"उभे आहात हो," तो समजुतीने म्हणाला, "पण राहता का?"

अर्ज लिहून दिला, दोन शेजाऱ्यांच्या सह्या आणायचं कबूल केलं, आणि बाहेर पडलो. रस्त्यात उभा राहून विचार केला: कर्ज भरायच्या यादीत मी आहे, मत द्यायच्या यादीत मी नाही. हे कुठलं माप? एका पारड्यात मी पुरेपूर, दुसऱ्या पारड्यातून गायब. असा तराजू मी जप्त केला असता.

मग वाटलं, आपले वॉर्डाचे सभासद आहेत, त्यांच्या कानावर घालावं. त्यांना आमच्याकडे 'फीतवाले' म्हणतात, कारण गेल्या पाच वर्षांत त्यांनी फिती कापण्यापलीकडे काही केलं नाही (एकाच पाणपोईचं उद्घाटन दोनदा, दुसऱ्यांदा नळ बसवल्यावर). त्यांची बैठकीची खोली मोठी. भिंतीला लागून खुर्च्या, खुर्च्यांवर कामं घेऊन आलेली माणसं. मला बघून उठले, खांद्यावर हात टाकला, "या काका," म्हणून शेजारी बसवून घेतलं आणि आत ओरडले, "चहा आणा रे, चांगला!" मी आधी कर्जाचं बोललो. तर हसले. "काका, कर्ज ही पत असते. ज्याला कोणी उसने देत नाही तो कसला मोठा माणूस?" मी चौतीस वर्षं कोणाचं उसनं घेतलं नाही म्हणून छाती पुढे काढून चालायचो. एका वाक्यात मी लहान माणूस झालो.

तेवढ्यात चहा दारापर्यंत आला. आणि त्याच वेळी मी सांगितलं, "आणखी एक, माझं नाव यादीतून उडालंय. यंदा मत देता येईल असं दिसत नाही."

साडूभाऊ, मी खोटं बोलत नाही. त्यांनी चहा आणणाऱ्याकडे बघून बोट हलवलं. नुसतं बोट. आणि कपबशी दारातूनच वळली. वाफ जाताना दिसली मला. "बघू, बघू," म्हणत ते पलीकडच्या खुर्चीकडे वळले. मी तिथे आणखी पाच मिनिटं बसून होतो, कारण उठायचं कसं तेच सुचेना.

घरी येऊन हे सगळं हिला सांगितलं. ही पोरांच्या दुपट्यांच्या घड्या घालत होती. कर्जाचं ऐकलं तेव्हा "हं" म्हणाली. यादीचं ऐकलं तेव्हा हसली ("म्हणजे मी टाकलेली का?"). चहाचं ऐकलं आणि हात थांबला. "दारातनं परत नेला?" एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. आणि ती पुन्हा घड्या घालायला लागली. मला वाटलं, विसरली. आपल्या बायकांना आपण किती कमी ओळखतो! तिसऱ्या दिवशी शेजारीण आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "अभिनंदन हो." मी विचारलं, "कशाचं?" तर हिने नगरपालिकेचा उमेदवारी अर्ज भरला होता!

मी खुर्चीत बसलो. खुर्ची होती म्हणून बरं. हिला म्हटलं, "अगं, तुला राजकारणातलं काय कळतं?" तर म्हणाली, "अकरा पोरं एकाच वेळी रडायला लागली तर आधी कोणाला उचलायचं, ते मला कळतं. फीतवाल्यांना कळतं का?"

पुढचा महिना आमच्या दोन खोल्यांत काय चाललं ते लिहायला दुसरं पत्र लागेल. दिवसा पाळणाघर, संध्याकाळी प्रचार. रिंगणात तिघं: फीतवाले, दवाखान्यातल्या कंपाउंडरबाई (सज्जन, मितभाषी, औषध मोजून देणाऱ्या) आणि ही. मला वाटायचं, हिला पंचवीस-तीस मतं पडतील, रडेल, मी समजूत घालीन. म्हणून समजुतीची दोन वाक्यंही तयार ठेवली होती. माझं नाव, दोन सह्या आणि तीन सुनावण्यांनंतर, मतदानाच्या चार दिवस आधी यादीत परत आलं. यादीवाला म्हणाला, "बघा, आलात परत." जसा काही मी प्रवासाहून आलो होतो.

आणि ही निवडून आली. चौसष्ट मतांनी. कंपाउंडरबाई दुसऱ्या, फीतवाले तिसरे. मोजणीच्या खोलीबाहेर मी खांबाला धरून उभा, आणि गर्दीतून एक सहा फुटी दाढीवाला माणूस आला, हिच्या पाया पडला आणि म्हणाला, "मावशी, मी बाटली फेकणारा." मागून एक वकीलबाई: "मावशी, मी झोपेत चालणारी." एकामागून एक येतच होते. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हिने तीस वर्षं वॉर्डातली पोरं सांभाळली, आणि पोरं अठरा वर्षांची होतात! माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत, शेजारच्या खोलीत एक अख्खा मतदारसंघ दुपट्यात गुंडाळून वाढत होता आणि मी दार लोटून पेपर वाचत होतो.

पण खरा धक्का पुढेच आहे. परवा नगरपालिकेची पहिली सभा झाली. मी प्रेक्षकांच्या बाकावर पहिल्या रांगेत, पुन्हा इस्त्रीचा शर्ट. दुसराच विषय: पाण्याची टाकी गळते, नवी बांधायला कर्ज काढायचं. मी सावरून बसलो. म्हटलं, आता बघा. आणि हिने हात वर केला. बाजूने! साडूभाऊ, ज्या बाईने माझ्यासोबत एकतीस वर्षं बिनकर्जाचा संसार केला तिने, माझ्याकडे न बघता, सबंध गावाच्या डोक्यावर कर्ज चढवलं.

घरी आल्यावर मी जेवलो नाही. ही समोर येऊन बसली. म्हणाली, "टाकीखालच्या गल्लीतली माणसं दोन वर्षं गढूळ पाणी पितायत. पोरं आजारी पडतात, आणि आजारी पोर माझ्याकडे येतं."

"पण कर्ज!" मी म्हणालो.

"अहो, मी तीस वर्षं रोज सकाळी दुसऱ्यांची पोरं घेते ना? आपली नसतात म्हणूनच जास्त जपते. संध्याकाळी ज्याची त्याला परत द्यायची असतात. कर्जही तसंच घ्यावं. घेतलं कोणासाठी, परत कधी, हे घेतानाच ठरवलेलं. ठरावात तेच लिहून घेतलंय. फिटायचं साल, आणि दर महिन्याला किती उरलं ते नगरपालिकेच्या दारावरच्या फळ्यावर." मग म्हणाली, "आणि हे तुमच्यामुळे सुचलं. तुम्ही त्या दिवशी चिमुकल्याकडे बघत उभे होता ना, ते मी विसरले नव्हते."

मी जेवायला बसलो. मला तिचं सगळं पटलेलं नाही. पण फळा मी स्वतः दर महिन्याला तपासणार आहे, असं सांगून ठेवलंय. ती म्हणाली, "तपासाच. त्यासाठीच लावायचाय."

ताईंना आणि मुलांना आमच्या दोघांचं सांगा. गुडघ्याला शेक घेत जा.

आपला,
धक्क्यांतून सावरत असलेला साडू

ता. क. येत्या रविवारी ही दोन दिवस तुमच्याकडे विश्रांतीला येते आहे. सभासदबाई म्हणून तिला उगाच खुर्ची वगैरे देऊ नका, आधीच फार झालंय.

आणखी ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण हे. ही तुम्हाला एकदा तरी विचारेल, "यांनी मत मलाच दिलं ना?" कृपा करून डोळे मिटून "हो" म्हणा. मी दिलं नाही. आमच्या खात्याचा नियम होता, नात्यातल्या माणसाचा तराजू आपण पास करायचा नाही. शिक्का हातात घेतला आणि तो नियम आठवला. हात हिच्या नावाकडे जाईचना. कंपाउंडरबाईंना दिलं. तेव्हापासून नीट झोप नाही. ताईंजवळही बोलू नका.

भाऊजी, नमस्कार. यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. रविवारी सकाळच्या गाडीने येते. त्यांना झोप न लागायला काही झालेलं नाही, छान घोरतात. आणि एक: स्वतःच स्वतःला मत देणं मला काही बरं दिसेना, तेव्हा मीही कंपाउंडरबाईंनाच दिलं. हे मात्र यांना कळवू नका, उगाच धक्का बसेल.