बंगलेवाल्याची बादली

शनिवार, १७ जानेवारी. पोशीर.

आजचं आजच लिहिते.

शेजारच्या बंगलेवाल्याने संध्याकाळी पाहुण्यांसाठी शेकोटी पेटवली, ती थेट आमच्या कुंपणाला लागून. अलीकडे चार हातांवर आमची पेंढ्याची उडवी, बैलांचा पावसापर्यंतचा चारा. त्याच्या अंगणात जाऊन सांगितलं, तर मोबाईलवर ग्रामपंचायतीचे नियम दाखवतो. "ताई, आग घरापासून वीस फूट लांब हवी. मी टेप लावून मोजलंय. पाण्याची बादलीपण ठेवलीय."

मोजलं खरं, पण स्वतःच्या घरापासून. आणि बादलीत काय, तर बर्फाच्या पाण्यात बिअरच्या बाटल्या.

आम्ही भाताच्या रोपांसाठी शेतात पालापाचोळा जाळून राब भाजतो तेव्हा आधी कडेचं गवत काढतो, वारा पडायची वाट बघतो, ओली पोती घेऊन उभे राहतो. आम्हाला कुणी टेप लावायला शिकवलं नव्हतं.

एक ठिणगी कुंपणावरून आली, तशी मी ती बादली उचलली आणि बाटल्यांसकट शेकोटीवर उपडी केली. जास्त झालं का? मला नाही वाटत. बादली मात्र हातातच राहिली, तशीच घरी आली.

घरी हे म्हणतात, "जाऊ दे गं, वाद नाय पायजे. उद्या उडवीच मागं घेऊ."

उडवी आमची, जागा आमची, आणि मागं सरायचं आम्हीच?

त्याचीच बादली पाण्याने काठोकाठ भरून उडवीपाशी ठेवली आणि यांना सांगितलं, उडवीला हात लावणाऱ्याच्या डोक्यावर ही ओतीन.