बाहीवरचं लेबल

रविवार, १२ डिसेंबर १९९९
बालाघाट

आज आईबाबांसोबत मुलाचं घर पाहून आली. भरवेलीच्या खाणीतला क्लार्क, मले पसंत करून गेला तोच. त्या दिवशी नव्या कोटाच्या बाहीवर कंपनीचं लेबल तसंच होतं. मले वाटलं, काढायचं विसरला असंन. छे! आज घरातही तोच कोट, तेच लेबल, अन् बाही मुद्दाम माह्याकडे.

घरही तसंच. सोफ्यावर प्लास्टिकची पन्नी, टीव्हीच्या रिमोटवर पन्नी. कॅसेटी सीलबंद. शोकेसमधल्या पुस्तकांवरची पन्नीसुद्धा कोणी फाडली नव्हती! मी विचारलं, "वाचत काहून नाही?" तर म्हणे, "वाचली का खराब होतात ना." अन् लेबलवरची धूळ झटकली. या माणसाले काही आवडते तरी काय? की नुसतं नवंकोरं दिसलं म्हणजे झालं?

बाबा उद्याच होकार कळवायचं म्हणतात. पह्यले मले तर विचारा!

परतताना बसमध्ये आई भारावलेली. "किती टापटीप आहे पोरगा! तुले जपून ठेवंन बाई."

हौ, ठेवंन ना. शोकेसचा एक खण रिकामाच होता. पाह्यला मी.