ज्याच्या सांगण्यावरून

१३ जानेवारी २०२५
पुण्याच्या सरकारी कंपनी कार्यालयाची नोटीस आली. गोरक्ष आणि कल्याणची नावं असणार हे ठाऊक होतं. तिसरं नाव — केशरबाई. माझं!
पेरूच्या गराची कंपनी दोघा मुलांच्या नावावर. मी तिथं कुणीच नाही. ना सही, ना शिक्का.

१४ जानेवारी
वकील घरी आले. सलग तीन वर्षं सरकारात विवरणपत्रं भरली नाहीत, म्हणून मुलं मागेच पाच वर्षांसाठी संचालकपदाला अपात्र ठरली होती. ‘आधी शीतगृह बांधू, कागद मागून बघू’ — हे मीच म्हटलं होतं. अपात्र ठरल्यावरही मीच म्हटलं, करा सह्या, कोण बघतंय?
कायद्यात असंही लिहिलंय म्हणे — संचालक ज्याच्या सांगण्यावरून वागत आले, तोही जबाबदार. कागदावर नसला तरी.
ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. पंचेचाळीस वर्षं या घरात आहे. सासऱ्यांनी नाही, ह्यांनी नाही, कुणीच कधी म्हटलं नाही की हिच्या शब्दावर काही चालतं. आणि दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्यानं हे ओळखलं?

१९ जानेवारी
कल्याण म्हणतो, कुणीतरी डाव साधला, तुझं नाव घातलं. गोरक्ष उठून बागेत गेला.
वकिलांनी पढवलंय — सुनावणीत म्हणायचं, मला काही कळत नाही, मी नुसता चहा करते. सुटाल.

२० जानेवारी
‘मी नुसता चहा करते.’ दोनदा म्हणून पाहिलं. जीभ वळेना.

६ फेब्रुवारी
पुण्याला जाऊन आलो. सुनावणी घेणारे साहेब म्हणजे माझ्या धाकट्या सुनेच्या वयाची बाई. मला खुर्ची दिली. विचारलं, “आजी, कंपनीत ठरवतं कोण?”
कल्याणनं माझा हात दाबला.
म्हटलं, “मी ठरवते. कुठल्या बागेचा माल घ्यायचा, मशीन कुठलं आणायचं, सही कुठं करायची — समदं मीच सांगते. पोरं माझ्या शब्दाबाहेर न्हाईत.”
तिनं लिहून घेतलं. शब्दन् शब्द. एकदाही हसली नाही. मी बघतच राहिले.

२१ मार्च
निकाल लागला. दंड तिघांनाही. कल्याण माझ्याशी बोलत नाही. आणि मला आतून भरून येतंय — हे सांगू कुणाला?

२४ मार्च
निकालासोबतची कागदं आज वाचली. माझं नाव कुणा परक्यानं दिलं नव्हतं. सरकारच्या चौकशीला दिलेलं डिसेंबरातलं उत्तर आहे, गोरक्षच्या अक्षरात — ‘सह्या आम्ही केल्या, दंड आम्ही भरू. पण कंपनी कुणी चालवली ते खोटं लिहिणार नाही. आमच्या आईनं चालवली.’